देश हाती येण्याआधीच बनलेला माहितीपट : 'स्टॉप जेनोसाइड' (१९७१)

गोदाकाठचा

बांगलादेशच्या अगदी सुरुवातीच्या माहितीपटांत 'स्टॉप जेनोसाइड'चं नाव सगळ्यात आधी घेतलं जातं. मराठीत त्यावर फारसं लिहिलेलं माझ्या वाचनात नाही, म्हणून हा धागा काढतोय. जहीर रायहान यांनी तो १९७१ मध्ये कोलकात्यात राहून केला. कृष्णधवल आहे, वीसेक मिनिटांचा. इंग्रजी निवेदन आलमगीर कबीर यांच्या आवाजात आहे. पुढे तेही बांगलादेशचे मोठे दिग्दर्शक झाले.

आजचा बांगलादेश तेव्हा पूर्व पाकिस्तान होता. २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी लष्कराने कत्तल सुरू केली. १७ एप्रिलला मेहेरपूरजवळच्या आमराईत बांगलादेशच्या हंगामी सरकारने शपथ घेतली. त्यानंतर हे सरकार कोलकात्यातून चाललं. स्वतःची जमीन ताब्यात नाही, नाणं नाही, जगात कुणाची मान्यता नाही. भारतानेही मान्यता दिली ती थेट ६ डिसेंबरला. अशा देशाचा हा माहितीपट आहे आणि मला त्यातलं सगळ्यात मोठं तेच वाटतं. एरवी नवा देश झाला की आधी झेंडा फडकतो, मग सरकारचा चित्रपट विभाग उभा राहतो आणि मग धरणांचे, संचलनांचे माहितीपट निघतात. आपल्याकडे तर १५ ऑगस्ट १९४७ ला सरकारचं चित्रपट खातंच जागेवर नव्हतं. ब्रिटिशांच्या काळातलं १९४६ मध्ये गुंडाळलेलं आणि फिल्म्स डिव्हिजन सुरू झालं १९४८ मध्ये. बांगलादेशात क्रम उलटा. तिथे सिनेमा आधी आला.

सुरुवातीला लेनिनचं वचन येतं, राष्ट्रांच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काबद्दलचं. मग एकदम खेडं. एक मुलगी ढेकीवर भात कांडतेय. ढेकी म्हणजे पायाने दाबून चालवायचं लांब लाकडी मुसळ. तिच्या चेहऱ्यावर हसू आहे. ढेकीचा ठोका चालू असतानाच कुत्री भुंकायला लागतात, बुटांचे आवाज येतात, गोळ्या सुटतात. एकही सैनिक दिसत नाही. दिग्दर्शकाने ते सगळं कानांवर सोडलंय.

पुढे संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा (१० डिसेंबर १९४८) येतो आणि त्याला लागून निर्वासितांचे लोंढे. व्हिएतनामवरची बॉम्बफेक येते. कागदावरचं एक वाक्य आणि चिखलातून चालणारी म्हातारी माणसं असं शेजारी शेजारी ठेवत तो जातो. मुक्तिवाहिनीच्या, म्हणजे स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या बंगाली सैनिकांच्या, प्रशिक्षणाचाही भाग आहे. नेत्याचं भाषण मात्र कुठेच नाही. शेख मुजीब तेव्हा पाकिस्तानच्या तुरुंगात होते, त्यांच्या नावाने देश लढत होता, आणि तरी सिनेमा त्यांच्यावर उभा नाही. हंगामी सरकारच्या वर्तुळातल्या काहींना हे खटकलं होतं. लेनिन आहे आणि बंगबंधू (म्हणजे मुजीब) नाहीत, हा त्यांचा आक्षेप. माझ्या मते तिथेच हा सिनेमा प्रचारपटाच्या वर जातो. तो कुणाचा जयजयकार करत नाही आणि दयाही मागत नाही, हक्क मागतो.

कुणी पाहिला असेल तर लिहा. नेटवर सहज मिळतो.

शिंगाडा तलाव

वाचतोय. 'जीबोन थेके नेया' हा सिनेमा यांचाच ना?

गोदाकाठचा

हो, यांचाच. एप्रिल १९७० मध्ये आलेला. घरात किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून सगळ्यांवर हुकूम चालवणारी बहीण दाखवून पाकिस्तानी लष्करशहा अयुब खानची राजवट रंगवली होती. 'आमार शोनार बांग्ला' त्यात आहे, देशाचं राष्ट्रगीत होण्याच्या आधी. १९७१ मध्ये तो कोलकात्यात दाखवला गेला तेव्हा रायहान यांनी मिळालेले पैसे मुक्तिलढ्याच्या निधीला दिले असं सगळीकडे नोंदलेलं आहे. तेव्हा त्यांचा स्वतःचा संसार परक्या शहरात ओढाताणीत चालला होता.

हा माणूस मुळात कादंबरीकार. 'हाजार बछोर धोरे' त्यांचीच. १९५२ च्या भाषा आंदोलनात २१ फेब्रुवारीला जमावबंदी मोडून अटक करून घेणाऱ्या पहिल्या तुकडीत ते होते, तेव्हा वय सोळा. आणि व्यावसायिक सिनेमातही मुरलेले : पाकिस्तानातला पहिला रंगीत कथापट 'संगम' (१९६४) त्यांचा. म्हणजे 'स्टॉप जेनोसाइड' करणाऱ्याला रंग, मोठा पडदा, गाणी सगळं येत होतं. त्यातलं काहीही हाताशी नसताना त्याने हे केलं.

नेहरूनगरकर

माझा सिनेमाशी संबंध बघण्यापुरताच, पण या धाग्यावर नाशिकरोडच्या माणसाने बोलायलाच हवं.

वडील प्रेसमध्ये होते. नाशिकबाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे 'प्रेस' म्हणजे इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि करन्सी नोट प्रेस. पहिली १९२५ पासूनची, तिकिटं आणि स्टँप पेपर छापणारी. नोटा इथे १९२८ पासून. १९७१ च्या डिसेंबरात निर्वासितांच्या मदतीसाठी पाच पैशांचं जे खास तिकीट निघालं ते नाशिकला छापलेलं. लाल रंगाचं, चाललेल्या माणसांचं चित्र असलेलं. त्याआधी १५ नोव्हेंबरपासूनच पाकिटांवर पाच पैसे जादा लावायचे होते. खास तिकीट तयार नव्हतं म्हणून कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावर निर्वासितांच्या मदतीचा शिक्का मारून काम भागवलं. मार्च १९७३ अखेरपर्यंत हा जादा आकार चालू होता. एक कोटीच्या आसपास माणसं सीमा ओलांडून आली होती, त्यांच्यासाठी साऱ्या देशाने पत्रागणिक पाच पैसे दिले.

आणि दुसरी गोष्ट. ४ मार्च १९७२ ला बांगलादेशच्या पहिल्या नोटा चलनात आल्या, एक टका आणि शंभर टका. देशाचा नकाशा असलेल्या. त्यासुद्धा आमच्या प्रेसच्या.

वडील घरी यातलं काही बोलले नाहीत. प्रेसमधल्या माणसाने कामाचं घरी बोलायचं नाही ही पद्धतच होती. सुटताना गेटवर रोज झडती, मग चहाला टपरीवर, मग घर. भोंगा झाला की आई कुकर चढवायची. 'त्या' नोटांचं मला कळलं ते ते रिटायर झाल्यावर. नाणी-नोटा जमवणाऱ्या एका स्नेह्याने शंभर टक्याची नोट दाखवायला आणली होती. वडिलांनी ती उजेडासमोर धरली, अंगठ्याने कडेची छपाई चाचपली आणि एवढंच म्हणाले, "रजिस्टर बरोबर बसलंय." म्हणजे एकावर एक पडणारे रंग जागच्या जागी पडलेत.

गोदाकाठचा

काका, हे मला या धाग्यात हवंच होतं आणि मागायचं सुचलं नव्हतं. तुमच्या लिहिण्यावरून लक्षात आलं ते सांगतो. त्या शंभर टक्यावर नकाशाबरोबर शेख मुजीब यांचं चित्र आहे. नोटेवर नेता लागतो, कारण त्याच्या शब्दावर लोक कागद स्वीकारतात. सिनेमात तो नाही, तिथे ढेकीवरची मुलगी आहे. एकाच वर्षाच्या आतबाहेरची ही दोन कामं. एक त्या देशाच्या माणसाने परक्या शहरात केलं, दुसरं परक्या देशातल्या कामगारांनी नाशिकरोडला केलं.

मृण्मयी क

मी काल रात्री पाहिला. ढेकीचा प्रसंग, जाहीरनाम्याच्या शेजारी माणसं, सगळं पोचलं. पण एका ठिकाणी मी अडकले आणि अजून तिथेच आहे.

ती किशोरवयीन मुलगी. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर थांबतो. तिच्यावर काय अत्याचार झाला ते निवेदन सांगतं. ती बोलत नाही. तिचे डोळे कॅमेऱ्याकडे आहेतही आणि नाहीतही. जगाला पुरावा हवा होता, मान्य. पण तिला कुणी विचारलं होतं का? तो चेहरा पन्नास वर्षांहून जास्त काळ पडद्यावर आहे. गावात, लग्नात, म्हातारपणी तिचं काय झालं असेल? कुणाच्या दुःखाने देश उभा करायचा आणि त्या माणसाला त्यात फक्त चेहरा म्हणून ठेवायचं, हे मला सहन होत नाही.

याच युद्धातला नैबुद्दीन अहमद यांचा फोटो आठवा. बाईने मोकळे केस तोंडावर ओढून घेतलेत, मुठी आवळलेल्या हातांआड चेहरा पूर्ण झाकलाय. पुरावा तोही आहे, तरीही तिचं तिच्याकडे राहिलंय.

गोदाकाठचा

मृण्मयीताई, तुमचं म्हणणं हलकं करायचं नाहीये. तो भाग मी परत पाहिला. मला दिसलं ते असं : बाकी सगळीकडे संकलन भराभर चालतं, कागद, बातमी, पाय, टोपली, मूल. तिच्यापाशी आल्यावर रायहान कात्री बाजूला ठेवतात. जखम दाखवत नाहीत, फाटके कपडे दाखवत नाहीत, सूड घेण्याचा आवेश नाही. फक्त तिच्याकडे बघायला लावतात, बघणाऱ्याला नजर वळवावीशी वाटेपर्यंत. मला तो आदर वाटतो. पण तिला विचारलं होतं का, याचं उत्तर सिनेमात नाही आणि तो प्रश्न रास्तच आहे.

सुलभा, गंगापूर रोड

मृण्मयी, मी तेव्हा कॉलेजात होते. आम्हाला वर्तमानपत्रात आकडे वाचायला मिळत. आकड्यांनी माणूस पहिल्या दिवशी हादरतो आणि चौथ्या दिवशी पान उलटतो. असा एखादा चेहरा तेव्हा समोर आला असता तर आम्ही वेगळे वागलो असतो असं मला वाटतं. डिसेंबर १९७१ मध्ये नव्या सरकारने युद्धात बलात्कार झालेल्या या स्त्रियांना 'वीरांगना' म्हणायचं ठरवलं. हेतू चांगला असेल, पण पुढे त्याच नावाने कितीजणींना घराबाहेर राहावं लागलं. चेहरा दाखवणाऱ्या सिनेमापेक्षा तो न बघणाऱ्या घरांनी त्या मुलींचं जास्त वाटोळं केलं. मला राग घरांचा येतो.

मृण्मयी क

सुलभाताई, घरांबद्दल पटलं. कॅमेऱ्याबद्दल माझं मत तेच आहे. दोन्ही खरं असू शकतं.

द्वारकेचा प्रवासी

मी थोडा वेगळा सूर लावतो. सिनेमा प्रभावी आहे, वाद नाही. पण तो एकाच बाजूचा आहे. त्या वर्षी बिहारी म्हणवल्या जाणाऱ्या उर्दूभाषक मुसलमानांनाही बंगाली जमावांनी मारलं. पत्रकार मॅस्करेन्हसच्या त्या वर्षीच्या लेखातही त्याचा उल्लेख आहे. रायहान यांनी त्यातलं काहीच घेतलं नाही. मग त्याला माहितीपट म्हणायचं का? आणि ढेकीचा प्रसंगही मुद्दाम उभा केलेला दिसतो.

गोदाकाठचा

मुद्दा योग्य आहे, झटकून टाकायचा नाही.

आधी ढेकीचं. माहितीपटात प्रसंग उभे करणं हे पहिल्यापासून चालत आलंय. फ्लॅहर्टीच्या 'नानूक' या सुरुवातीच्या माहितीपटातही (१९२२) शिकारीचे प्रसंग कॅमेऱ्यासाठी करवून घेतले होते. ब्रिटिश माहितीपटकार ग्रिअर्सनने तर माहितीपटाची व्याख्याच 'वास्तवाची सर्जक मांडणी' अशी केली. गोळीबाराच्या रात्री त्या गावात कॅमेरा असणं शक्यच नव्हतं. त्याने गोळीबार दाखवायचा आव आणला असता तर मी तुमच्या बाजूने उभा राहिलो असतो. त्याने फक्त आवाज ऐकवला.

आता एका बाजूचं. हो, आहे. अँथनी मॅस्करेन्हस (जन्म आपल्या बेळगावचा, वाढले कराचीत) यांचा लेख लंडनच्या 'संडे टाइम्स'ने १३ जून १९७१ ला 'जेनोसाइड' याच मथळ्याने छापला. पाकिस्तानी लष्कराने त्यांना आपली बाजू लिहायला नेलं होतं, त्यांनी बायकामुलांना आधी बाहेर काढलं आणि पाहिलं ते लिहिलं. बिहारींच्या हत्याही त्यात आहेत. पत्रकाराला दोन्हीकडे जाता आलं. रायहान हे परागंदा होते, कॅमेरा सीमेच्या अलीकडे होता आणि रोज नवे लोक येत होते. सिनेमात काय नाही याची नोंद प्रेक्षकाने ठेवावी हे बरोबर. पण त्यामुळे जे आहे ते खोटं ठरत नाही.

आणि यात एक भयंकर गाठ आहे. रायहान यांचे थोरले भाऊ शहीदुल्ला कैसर, लेखक-पत्रकार. विजयाच्या दोन दिवस आधी, १४ डिसेंबरला, बुद्धिवंतांना वेचून उचललं गेलं त्यात त्यांनाही घरातून नेलं. रायहान ढाक्याला परतले आणि भावाचा शोध घेऊ लागले. ३० जानेवारी १९७२ ला ते मीरपूरला गेले. मीरपूर म्हणजे ढाक्यातली बिहारींची वस्ती, तिथे तेव्हाही सशस्त्र लोक होते. तिथून ते परतले नाहीत. वय छत्तीस. तुम्ही म्हणता ती सिनेमाबाहेर राहिलेली बाजू आणि त्यांचा शेवट एकाच पत्त्यावर आहे. मला यातून कुठलाही निष्कर्ष काढायचा नाही, पण हे माहीत असल्यावर तो सिनेमा आधीसारखा बघता येत नाही.

द्वारकेचा प्रवासी

मीरपूरचं माहीत नव्हतं. वाचून गप्प झालो. माझा आक्षेप मागे घेत नाही, पण परत बघेन.

देवळाली कॅम्प

निवेदन इंग्रजीत का? बंगालीत असतं तर त्या निर्वासितांनाही कळलं असतं.

गोदाकाठचा

कारण तो त्यांच्यासाठी नव्हताच. त्यांना काय झालंय ते ठाऊक होतं. सिनेमा बोलतोय न्यूयॉर्क, लंडन, मॉस्कोशी. त्या वर्षी ढाक्यातल्या अमेरिकी वकिलातीच्या प्रमुखाने, आर्चर ब्लड यांनी, ६ एप्रिलला आपल्याच सरकारविरुद्ध निषेधाची तार पाठवली होती आणि वॉशिंग्टनने ती बाजूला सारली. १ ऑगस्टला न्यूयॉर्कला जॉर्ज हॅरिसन आणि रविशंकर यांचा मदतीसाठीचा कार्यक्रम झाला. म्हणजे जगाला कळत होतं, सरकारांना वळत नव्हतं. म्हणून जाहीरनाम्यातलंच वाक्य काढून तोंडावर धरणं आणि तेही त्यांच्याच भाषेत. आलमगीर कबीर यांचा आवाजही बघा, कुठेही गहिवरत नाही, वकिलासारखा एकेक मुद्दा ठेवत जातो. आपल्या फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट ज्यांनी नाशिकच्या सर्कल, विजयानंद थिएटरला मुख्य सिनेमाच्या आधी पाहिलेत त्यांना निवेदकाचा सर्वज्ञ सूर आठवत असेल. इथेही निवेदन भरपूर आहे, मला काही ठिकाणी जास्तच वाटलं, पण ते समजूत काढत नाही, जाब विचारतं.

शिंगाडा तलाव

यासोबत आणखी काय बघावं?

गोदाकाठचा

रायहान यांचाच 'अ स्टेट इज बॉर्न', त्याच वर्षीचा. आलमगीर कबीर यांचा 'लिबरेशन फायटर्स'. भारतातून एस. सुखदेव यांचा 'नाइन मन्थ्स टु फ्रीडम' (१९७२) जरूर बघा, मोठा आहे आणि रागाने भरलेला. ऋत्विक घटक यांचा 'दुर्बार गती पद्मा' मला तितका भिडला नाही. आणि तारेक व कॅथरीन मसूद यांचा 'मुक्तिर गान' (१९९५). लिअर लेव्हिन या अमेरिकी छायाचित्रकाराने १९७१ मध्ये गाणी म्हणत छावण्यांतून फिरणाऱ्या कलापथकाबरोबर राहून चित्रण केलं होतं. ते वीस वर्षं तसंच पडून होतं. मसूद दांपत्याने ते मिळवलं आणि त्यातून सिनेमा उभा केला. 'स्टॉप जेनोसाइड'नंतर लगेच तो बघितलात तर त्याच छावण्या रंगात दिसतात, आणि माणसं गाताना दिसतात.

नेहरूनगरकर

'मुक्तिर गान' आज बघतो. एक विचारायचं होतं. प्रेसमधल्या वडिलांच्या बरोबरीच्या लोकांपैकी दोघेतिघे जेलरोडला आहेत, नव्वदीच्या आसपास. त्यांना हा सिनेमा दाखवावा असं मनात आहे. पण इंग्रजी निवेदन त्यांना झेपणार नाही.

गोदाकाठचा

काका, निवेदन मी ऐकून उतरवायला घेतो आणि मराठीत करतो. वीसच मिनिटं आहेत. लेनिनचं वचन आणि जाहीरनाम्याची कलमं जपून करावी लागतील, बाकी सोपं आहे. कुणी मदतीला येणार असेल तर निरोप करा.

मृण्मयी क

मी येते. त्या मुलीवरचा भाग मला द्या.

सुलभा, गंगापूर रोड

उतरवून झालं की मी वाचून देईन. आणि नेहरूनगरकर, त्या काकांना शक्यतो सकाळीच दाखवा, दुपारी जेवण झाल्यावर नको. तिकिटांबद्दल, नोटांबद्दल ते जे बोलतील ते त्यांची परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करून ठेवा.